लहान विमान खालून उडवले तर धोका कमी होतो का?

आपण विचारले आहे की, विमान जितके खालून उडेल तितके पडण्याचे अंतर कमी, मग लहान खासगी विमानाने शेतांवरून थोड्याच उंचीवर उडणे अधिक सुरक्षित का मानू नये? मी धुळ्याचा असून खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठी प्रशिक्षण घेतले आहे, आणि त्यापूर्वी माझीही समजूत अशीच होती. ती पूर्णपणे चुकीची आहे.

इंजिन बंद पडले तरी विमान दगडासारखे कोसळत नाही, तर पुढे सरकत उतरते. सेस्ना १७२ सारखे चार आसनी विमान १ फूट खाली येताना सुमारे ९ फूट पुढे जाते. त्यामुळे ३००० फुटांवर इंजिन थांबले, तर वैमानिकाच्या हाती साधारण चार मिनिटे आणि आठ किलोमीटरचे अंतर असते; तेवढ्यात इंजिन पुन्हा सुरू करून पाहता येते, रेडिओवर कळवता येते आणि वाऱ्याची दिशा पाहून उतरण्याजोगे शेत निवडता येते. २०० फुटांवर मात्र पंधरा-वीस सेकंद मिळतात आणि समोर जे येईल तेच शेत. मग ती यावल-रावेरकडची केळीची बाग असो, की पावसाने भिजलेली कपाशीची काळी जमीन, जिच्यात पुढचे चाक रुतले तर विमान उलटू शकते.

तथापि इंजिन ठणठणीत असतानाही खाली उडताना जीव जातो, आणि त्याचे मोठे कारण म्हणजे वळण. वळताना विमान जितके कलते तितका पंखांवर भार वाढतो, आणि ज्या वेगाखाली पंख विमानाला उचलून धरू शकत नाहीत तो वेगही वाढतो. ६० अंश कलून उंची न सोडता वळल्यास ही वाढ ४१ टक्के असते, म्हणजे सरळ उड्डाणात ५० नॉटला (नॉट हे विमानाच्या वेगाचे एकक) ‘स्टॉल’ होणारे, म्हणजे पंखांची उचल गमावणारे विमान ७० नॉटलाच स्टॉल होते. त्यात पाठीमागून वारा असेल, तर जमीन वेगाने मागे पळताना दिसते आणि विमानाला भरपूर वेग आहे असा भास होऊन वैमानिक नकळत वेग कमी करतो.

माझ्या मामांचे शेत अमळनेर तालुक्यात आहे. त्यावरून फेरी घेताना हात हलवणारी माणसे पाहण्याच्या नादात मी नाक वर ओढत राहिलो, आणि स्टॉलची सूचना देणारा भोंगा वाजू लागला. शेजारी बसलेल्या प्रशिक्षकांनी नियंत्रण स्वतःकडे घेऊन नाक खाली दाबले. आम्ही १५०० फुटांवर होतो म्हणूनच त्यांना ते करता आले. स्टॉल होऊन विमान गिरक्या घेऊ लागले, तर त्यातून सावरण्यासच १००० फूट खर्ची पडू शकतात. नातेवाइकांच्या गावावरून ‘एक चक्कर’ मारण्याचा मोह किती वाईट, हे मला त्या दिवशी कळले.

तारांचा धोका वेगळाच. दीपनगरच्या औष्णिक केंद्रातून निघणाऱ्या उच्चदाब वाहिन्या जमिनीवरून ठळक दिसतात, पण वरून शेतांच्या रंगात मिसळून जातात. मनोऱ्यांच्या माथ्यावरची सर्वांत वरची तार तर बहुधा सर्वांत बारीक असते. म्हणून तारा शोधू नयेत, मनोरे शोधावेत, आणि ओलांडायचेच असेल तर मनोऱ्याच्या वरून ओलांडावे, असे शिकवतात. साक्री तालुक्यात याखेरीज पवनचक्क्या आहेत.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचाही विचार करावा लागतो. मे महिन्यात जळगावला पारा ४५ अंशांवर गेला, की हवा इतकी विरळ होते की विमान जणू साडेचार हजार फुटांवर असल्यासारखे वागते. ते सावकाश चढते, आणि सातपुड्याच्या एखाद्या अरुंद खोऱ्यात शिरल्यास समोरची चढण विमानापेक्षा लवकर वर येते. मागे वळायला तिथे जागा नसते. जुलै २०२१ मध्ये चोपडा तालुक्यातील वर्डी गावाजवळ एक प्रशिक्षण विमान कोसळून प्रशिक्षकांचा मृत्यू झाला आणि प्रशिक्षणार्थी तरुणी जखमी झाली. त्या डोंगराळ भागातून तिला गावकऱ्यांनी झोळी करून खाली आणले. डोंगराआड खाली गेलेल्या विमानाचा रेडिओ संपर्कही तुटू शकतो, कारण त्या लहरी सरळ रेषेत जातात.

नियमानुसार दाट वस्तीवर ६०० मीटरच्या परिघातील सर्वांत उंच अडथळ्याच्या १००० फूट वर, आणि इतरत्र जमिनीपासून किमान ५०० फूट उंची राखावी लागते. उड्डाण आणि उतरणे यांना यातून सूट आहे. शिरपूरच्या धावपट्टीजवळ आपले शेत असेल, तर तिथे खालून जाणारे विमान बहुधा उतरतच असते. धावपट्टीपासून दूर, वस्तीवर वारंवार घिरट्या घालणारे विमान दिसले, तर त्यावरील ‘व्हीटी’ने सुरू होणारी अक्षरे आणि वेळ टिपून घ्यावी व नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला कळवावे.