उपकाराचं ओझं घेऊन येऊ नकोस, असं म्हणणार होते

तू लिहिलंस, "ताई, इंग्लंडला नर्स म्हणून यायचं ठरायलंय, पण घरचे म्हणतात, मंडळीनं (आपल्या चर्चनं) शिकवलं, आता पंख फुटले का?" दोन दिवस उत्तर दिलं नाही. हेच वाक्य मी जालन्यात ऐकलंय.

व्हिसा, परीक्षा, फी हे सगळं अधिकृत साइटवर आहे. एकच सांगते, आईचं नाव सगळ्या कागदांवर सारखं करून घे. माझ्या दहावीच्या सर्टिफिकेटवर आईच्या नावाला 'बाई' आहे, पासपोर्टवर नाही. त्या 'बाई'पायी मुंबईच्या तीन खेपा झाल्या. खिडकीतला माणूस दर वेळी नवाच कागद मागायचा. आठवलं की अजून डोकं तापतं.

आता घरच्यांचं. आमची आजी मिशनच्या दवाखान्यात वाचली, वडील मिशनच्या बोर्डिंगात शिकले आणि माझ्या नर्सिंगची फी मंडळीच्या वर्गणीतून गेली. शास्त्रात, म्हणजे बायबलात, 'उपकारस्तुती करा', आभार माना, म्हटलंय, आमच्या घरात त्याचं 'उपकार फेडा' कधी झालं, कळलंच नाही. येशूनं दहा कुष्ठरोगी बरे केले, आभार मानायला माघारी एकटाच आला, ही गोष्ट वडील माझ्याकडं बघूनच वाचायचे. मी त्यांना मालकानं दिलेला पैसा न वापरता जमिनीत पुरून ठेवणाऱ्या, म्हणून बोलणी खाल्लेल्या दासाचा दाखला द्यायचे. मग जेवणं गार व्हायची. जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवणारे धर्मगुरू नारायण शेषाद्री 1873 साली न्यूयॉर्कला परिषदेला गेलेच होते की, असं एकदा म्हटलं. वडील म्हणाले, "गेले अन् परत आले."

पण त्याच वडिलांनी 2012 च्या दुष्काळात, चर्चमधल्या कापणीच्या सणाला वेदीपुढं अर्पण म्हणून ठेवायला ना ज्वारी ना मोसंबी, तर टँकरच्या पाण्यानं भरलेली कळशी नेऊन ठेवली. मग अर्पणाच्या लिलावात ती दोनशेला गेली. घेणाऱ्यानं पाणी तिथंच लेकरांना पाजलं आणि कळशी परत दिली. ती उपकारस्तुती मला कळते. फेडाफेडी अजून कळत नाही.

इकडं येऊनही मी तेच केलं. बोलावलंय इथल्या लोकांनी, नाही कसं म्हणायचं, म्हणून चार वर्षं येईल तो रविवार ड्यूटीला घेतला. वरच्या पदासाठी अर्ज केला नाही, हाव वाटली. मग लेकीच्या शाळेची वेळ आली. इथं मूल ज्या सप्टेंबरात शाळेत जाणार, त्या वर्षीच्या 15 जानेवारीपर्यंत अर्ज टाकायचा. घराजवळची शाळा चर्चची. तिचा एक जास्तीचा फॉर्म असतो, त्यावर पाळकाची, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूची, सही लागते: कुटुंब दोन वर्षं नेमानं उपासनेला येतं. पाळक भला माणूस, पण त्याच्या वहीत आमची हजेरी कुठं? रविवारी मी त्यांच्याच म्हाताऱ्यांना अंघोळ घालत होते. जालन्याचा बाप्तिस्म्याचा दाखला पुढं केला. म्हणाला, छान आहे, पण हा रकाना वेगळा. 16 एप्रिलला दुसरी शाळा मिळाली, दोन बस बदलून. शाळा चांगली आहे, लेक खूश आहे. मला मात्र तो रकाना अजून टोचतो. तीन पिढ्या ख्रिस्ती, आणि हजेरीत नापास!

एकटेपणाचं विचारलंस. असतो. मेथी मिळते, दिवस निघतात.

त्यापेक्षा नवऱ्याचं बघ. माझे हे तिकडं हायस्कूलला गणित शिकवायचे, इथं गोदामात खोकी लावतात. फोनवर सगळे म्हणतात, देवाचे उपकार माना, पोरगी इंग्रजी शाळेत आहे. ते 'हो' म्हणतात. रात्रीच्या कुटुंब-प्रार्थनेत आम्ही प्रत्येकजण एकेका गोष्टीसाठी आभार मानतो, वडिलांकडूनच आलेली सवय. गेल्या आठवड्यात लेकीचं झालं, माझं झालं, आणि ते डोळे मिटून नुसते बसले. लेक म्हणाली, "पप्पा, तुमचं राहिलं."

"तू म्हण ना माझ्या वाटचं," म्हणाले. तिनं नव्या बुटांसाठी आभार मानले. आम्ही आमेन म्हटलं. मी अजून त्यांना काही विचारलेलं नाही.