तार कुठे अडते? स्टिचिंग मशीनवरचे तुमचे प्रश्न

प्रश्न: सर, आमचं कोल्हापुरात छोटं बाइंडिंगचं दुकान आहे. सध्या दिवाळी अंकांची सेंटर पिन (घडीवर मधोमध मारायची पिन) चालू आहे आणि नेमकं आत्ताच रिळाच्या तारेतून पिना पाडणारं स्टिचिंग मशीन रुसलंय. पिनेचा एक पाय लांब, एक आखूड. मधेच दहा-पंधरा पिना एकदम झकास पडतात आणि परत तेच. मिस्त्री म्हणतो हेड, म्हणजे पिन घडवून मारणारा अख्खा भाग, बदला. मी फीडचे, म्हणजे तार पुढे सरकवणाऱ्या चाकांचे, स्क्रू इतके फिरवलेत की आधी कुठे होते तेच आठवत नाही.

उत्तर: हेड बदलू नका, निदान आज तरी नको. तुमच्याच पत्रात उत्तर आहे, मधेच पिना झकास पडतात म्हणता ना, मग सेटिंग चुकलेलं असतं तर प्रत्येक पिन सारखीच चुकली असती, रोज तोच पाय तेवढाच लांब. कधी बरोबर कधी चूक म्हणजे तार कुठेतरी अडते किंवा फीडमध्ये घसरते.

आता आखूड पाय कुठल्या बाजूचा ते बघा. कटरकडचं, म्हणजे तार कापणाऱ्या पात्याकडचं, टोक जिथे कापलं जातं तिथेच राहतं, त्यामुळे तार कमी आली की फटका बसतो तो लांबच्या पायाला. कटरपासून लांबचाच पाय आखूड येत असेल तर फीड कमी पडतंय हे नक्की समजा.

मोटर बंद, प्लग काढलेला, मग रिळापासून सुरुवात करा. तार हाताने ओढून बघा, सलग यायला पाहिजे. रीळ जड फिरत असेल किंवा तारेचा वेढा खालच्या वेढ्यात रुतला असेल तर प्रत्येक झटक्याला फीड थोडं मागे पडतं. आणि रीळ अगदीच मोकळं असेल तरी त्रास, मशीन थांबलं तरी ते फिरत राहतं आणि तारेचा गुंता होतो, म्हणून ब्रेकची पट्टी हलकीशी टेकलेली पाहिजे.

मग फीडची चाकं. त्यांच्या दात्यांमध्ये तारेवरचा मुलामा, तेल आणि कागदाची धूळ मिळून काळा चिकट थर बसतो, बाहेरून दिसत पण नाही. जुना टूथब्रश रॉकेलमध्ये बुडवून घासा, आणि नंतर कोरडं पुसा, हे लोक विसरतात आणि तेलकट चाकावर तार परत घसरते. इतकं करून मशीनचं मोठं चाक हाताने फिरवत पाच-सहा पिना मारून बघा. माझा अनुभव असा की निम्म्याहून जास्त मशीनं इथेच सुधारतात, स्क्रूला हात न लावता.

तरी तार घसरली तरच फीडची चाकं दाबणारी स्प्रिंग आवळा, स्क्रूचा पाव फेरा, परत टेस्ट. आणि स्क्रूच्या डोक्यावर आधी मार्करने रेघ मारा हो, म्हणजे परत यायला घर राहील! जास्त आवळलं तर चाकं तार चपटी करतात, तिच्यावर दात्यांचे खोल ठसे दिसतात, आणि चपटी तार पुढे कटरच्या भोकात अडकते, म्हणजे रोग तोच आणि वर औषधाचा त्रास. चाकाचे दातेच झिजून गुळगुळीत झाले असतील तर मात्र नवीन चाकं घ्या, हेड नाही.

प्रश्न: पाय सारखे येतात पण जाड वहीत शिरताना वाकडे होतात. तार २४ नंबर वापरतो. (इचलकरंजी)

उत्तर: दोनच जागा बघा. स्ट्रेटनरमधून (तार सरळ करणाऱ्या रोलरच्या जोड्या) हाताने वीतभर तार ओढून काचेवर ठेवा. ती सपाट बसली पाहिजे. बाजूला वळली तर एका जोडीचे रोलर, वर उचलली तर दुसऱ्या जोडीचे, एका वेळी एकच हलवा. तार सरळ असेल तर कटर बोथट आहे. कापलेल्या टोकावर नख फिरवा, हूक लागतो का? तो हूकच पायाला कागदात भलतीकडे नेतो. काही हेडमध्ये कटरची नळी थोडी फिरवून नवी धार पुढे घेता येते, विकत घेण्याआधी ते करून बघा. आणि कधी २४ काढून २६ लावली आणि गाइड, म्हणजे तारेला वाट दाखवणारी खाच, तेच ठेवलं तर तार आत डुगडुगणारच, नंबर वाढला की तार बारीक होते (२४ म्हणजे साधारण ०.५६ मिमी, २६ म्हणजे ०.४६).

प्रश्न: तेल किती घालायचं? आमच्याकडे रत्नागिरीला पावसात तारेला लगेच गंज चढतो म्हणून मुलगा रिळावरच तेल ओततो.

उत्तर: थांबवा त्याला! तेल फक्त तारेच्या वाटेतल्या फेल्टला (तार ज्याला घासून जाते तो नमद्याचा तुकडा), दोन-तीन थेंब, दाबला तर बोट ओलसर व्हावं इतकंच. जास्त झालं तर चाक घसरतंच, शिवाय पिनेभोवती अंकाच्या पानावर पिवळा डाग, गिऱ्हाईक तो बरोबर बघतं. फेल्ट काळा आणि कडक झाला की बदलून टाका. गंजासाठी कामानंतर रीळ मशीनवरून काढून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवा, गंजलेले वरचे वेढे सरळ कापून फेका. गंजाची पूड स्ट्रेटनरमध्ये साचली की परत आमच्याकडे पत्र येतं.