चाकणची नोकरी सोडून आयटीआयत शिकवायला जावं का?

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचा मुलगा मेकॅनिकलचा डिप्लोमा करून दीड वर्ष चाकणच्या कंपनीत आहे. गावाजवळच्या सरकारी आयटीआयमध्ये त्याला फिटर ट्रेडला निदेशक म्हणून बोलावलंय, तासिका तत्त्वावर. तुम्ही विचारता, ‘सरकारी आहे, पुढेमागे कायम करतीलच ना?’

त्यातला ‘करतीलच’ तेवढा खोडा. तासिकेवर घेतलेल्या तासांचेच पैसे मिळतात. दिवाळीची सुट्टी लागली की खिसाही सुट्टीवर. दोन-दोन महिने बिल निघालं नाही म्हणून उसनवारी करणारे निदेशक माझ्याकडे येतात. कायम पदं जाहिरात आणि परीक्षेतून भरतात, तिथे त्याला सगळ्यांच्या रांगेतच उभं राहावं लागेल.

एका वर्कशॉपमध्ये पाहिलेलं सांगतो. वीस पोरं, एक सर. एका हाताने पोराची कानस सरळ करतायत, दुसऱ्या हाताने मोबाइलवर हजेरी चढवतायत. ‘सुधारणा आली की आधी रजिस्टर वाढतं,’ म्हणाले. आयटीआयत 2013 ला सत्र पद्धत आली, 2018 ला पुन्हा वार्षिक झाली. दोन्ही वेळा पाठनियोजन नव्यानं लिहिणारे हेच. आता हजार आयटीआय सुधारण्यासाठी 60,000 कोटींची पीएम-सेतू योजना आहे, त्यात निदेशकांचं प्रशिक्षणही आहे. उत्तमच. पण नवं मशिन शिकायला आधी कायम माणूस जाईल की तासिकेवाला, हे तुम्हीच ओळखा.

त्या वर्कशॉपमध्ये तेवढ्यात एका पोरानं जॉब, म्हणजे कानशीनं घासलेला लोखंडी तुकडा, आणला. सरांनी काटकोन तपासायचा गुण्या लावून खिडकीकडे धरला. फटीतून उजेड दिसेना, म्हणजे काम अचूक. सरांचा चेहरा बघायला हवा होता! मुलाला हे आवडणार असेल तर त्याला अडवू नका, फक्त सहा महिने थांबवा. निदेशकपदासाठी डिप्लोमावाल्याला दोन वर्षांचा अनुभव लागतो. दीड वर्षावर सोडलं तर कंपनीही गेली आणि अटही अर्धवट राहिली. दोन वर्षं भरली की त्यानं सीआयटीएस करावा. निदेशकांसाठीचा हा एक वर्षाचा अभ्यासक्रम मुंबईच्या एनएसटीआय (राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्था) सारख्या संस्थांत होतो. प्रवेश परीक्षेची तयारी नोकरी सांभाळून जमते. मग कायम पदांची जाहिरात आली की अर्ज करायला तो मोकळा.

तरी तासिकेचा मोह सुटत नसेल तर येत्या सुट्टीत त्याला त्या आयटीआयत पाठवा. प्राचार्यांना भेटायची गरज नाही. तासिकेवरच्या एखाद्या सरांना बाहेरच्या टपरीवर चहा पाजायचा आणि विचारायचं, शेवटचं बिल कधी निघालं?