पहिला नॅस बांधताय? डबा नंतर घ्या

अरे, नॅस म्हणजे घरातल्या सगळ्यांना नेटवर्कवरून वापरता येणारं फाइल साठवायचं मशीन; त्याचा रेडिमेड डबा घ्यायची घाई नको. असे डबे बनवणाऱ्या सिनॉलॉजीने २०२५च्या प्लस मॉडेल्सना स्वतःच्याच डिस्कची अट घातली, लोकांनी बोंब मारल्यावर त्याच वर्षी ऑक्टोबरात डीएसएम ७.३ (त्यांच्या डब्यांची ऑपरेटिंग सिस्टीम) आणून ती सैल केली, पण उद्या परत घालणार नाहीत कशावरून? घरातला जुना पीसी काढ, ८ जीबी रॅम असेल तर ट्रूनॅस, नाहीतर ओपनमीडियाव्हॉल्ट (दोन्ही पीसीचा नॅस करणारी सॉफ्टवेअर) टाक आणि महिनाभर खेळ. पीसी मेला तरी डिस्क दुसऱ्या मशीनला लावून डेटा वाचता येतो, खरी गंमत तीच.

नवखे इथे फसतात:
- डिस्क सीएमआरच (डेटाचे ट्रॅक वेगवेगळे ठेवणारी) घे, एसएमआर (ट्रॅक एकमेकांवर चढवणारी) रीबिल्डला, म्हणजे मेलेल्या डिस्कच्या जागी नवी लावून डेटा परत भरताना, रडवते.
- रेड (इथे दोन डिस्कवर तोच डेटा ठेवणं) म्हणजे बॅकअप नव्हे! डिलीट केलेलं दोन्ही डिस्कवरून जातं, मी बारशाचे फोटो असेच घालवलेत.
- छोटा यूपीएस लाव.

डॉकर-बिकर (नॅसवर इतर अ‍ॅप्स चालवायची सोय) नंतर बघू.