उलंगवाडीनंतर, म्हणजे कापसाची वेचणी संपल्यावर, इंडोनेशियातल्या बालीला जायचं तर कोणता महिना बरा?

एप्रिलअखेर ते मेचा तिसरा आठवडा धरा. शेतातली पऱ्हाटी (कापसाची झाडं) निघालेली असते आणि मृगाच्या पेरणीआधी घरी परतता येतं. बाली विषुववृत्ताच्या दक्षिणेला, म्हणून तिथला पावसाळा साधारण नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे नेमका आपल्या वेचणीच्या दिवसांत. आम्ही मे महिन्यातच जाऊन आलो. इकडे ४५ अंश, तिकडे ३०-३१, पण हवा फार दमट. सुती कपडेच न्या. मात्र मे सुट्ट्यांचा, त्यामुळे विमानाचं तिकीट दोन-तीन महिने आधी काढा. मार्चमध्येच जाणं असेल तर न्येपीची, म्हणजे तिथल्या नववर्षाच्या मौनदिनाची, तारीख बघा, त्या दिवशी विमानतळही २४ तास बंद असतो.

- पासपोर्टची मुदत तिथे उतरल्यापुढे किमान ६ महिने हवी. आजच काढून बघा.
- उतरल्यावर मिळणारा ३० दिवसांचा व्हिसा ५ लाख रुपिया (इंडोनेशियाचं चलन), शिवाय २०२४ पासून पर्यटन कर दीड लाख. दोन्ही मिळून आपले साडेतीन-चार हजार रुपये.
- शाकाहारी असाल तर "तेरासी नको" असं प्रत्येक ठिकाणी सांगा. ती आंबवलेल्या कोळंबीची चटणी, साध्या पालेभाजीतही घालतात.