डॉक्टरकीतून बायोइंजिनिअरिंगकडे: तुमचे प्रश्न

चिपळूणजवळ इंटर्नशिप करते आहे. टिश्यू इंजिनिअरिंग, म्हणजे प्रयोगशाळेत पेशींपासून शरीराचे भाग वाढवण्याचं शास्त्र, शिकायचं आहे, पण बारावीपासून गणित सुटलं. घरचे म्हणतात, डॉक्टर झालीस, आता परत शिकायला कशाला? जमेल का?

जमेल, पण गणिताला आजच बस. डिफरन्शियल इक्वेशन्स, स्टॅटिस्टिक्स, थोडं पायथॉन. त्यांच्याशिवाय या विषयाचा गाभा कळत नाही. रक्तवाहिनीपासून साधारण १०० ते २०० मायक्रोमीटरपलीकडे पुरेसा ऑक्सिजन झिरपत नाही आणि पेशी मरतात. म्हणून तर पातळ त्वचा प्रयोगशाळेत वाढवता येते, आख्खं यकृत नाही. हा झिरपण्याचा हिशेब समीकरणांनीच मांडावा लागतो.

आयआयटी खरगपूरचा मेडिकल सायन्स अँड टेक्नॉलॉजीचा तीन वर्षांचा मास्टर्स खास एमबीबीएस झालेल्यांसाठी आहे. इंजिनिअरिंगच्या मास्टर्स प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेत २०२० पासून बायोमेडिकल इंजिनिअरिंगचा वेगळा पेपर आहे, तोही बघ.

घरच्यांना जपानी डॉक्टर-संशोधक शिन्या यामानाकांबद्दल सांग. त्यांनी ऑर्थोपेडिक्सचं प्रशिक्षण घेतलं, मग ते संशोधनाकडे वळले. २००६ मध्ये त्यांनी उंदराच्या साध्या पेशींत चार जनुकं घालून त्यांना स्टेम सेलसारखं, म्हणजे इतर प्रकारच्या पेशी बनू शकणाऱ्या मूळ पेशींसारखं, बनवलं. २०१२ मध्ये नोबेल मिळालं.

आणि एक कळकळीने सांगते: इंटर्नशिप आणि रजिस्ट्रेशन पूर्ण करूनच नीघ. फुरसं चावून सडलेला पाय, महिनोन् महिने न भरणारी मधुमेह्याची जखम तू रोज बघतेस. इंजिनिअरांच्या वर्गात हे पाहिलेलं फार थोड्यांकडे असतं. तुझा संशोधनाचा प्रश्न वॉर्डातूनच घेऊन जा.

आधी एमएस (सर्जरी) करू की थेट बायोइंजिनिअरिंगचं मास्टर्स? (कुडाळ)

हातात चाकू धरायची ओढ असेल तर आधी एमएस. नीट-पीजीला नंबर लागला नाही, एवढ्यासाठीच मात्र इकडे वळू नकोस. सरकारी कॉलेजचा बाँड असेल तर त्याची अटही आधी वाच.

मुलगा स्टेम सेल शिकणार म्हणतो. इकडे एकजण स्टेम सेलने गुडघे बरे करतो म्हणून लाखो रुपये मागतोय. हे क्षेत्र फसवं तर नाही? (गुहागर)

क्षेत्र खरं आहे, ती जाहिरात खरी मानू नका. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही आजारांसारख्या ठरावीक कारणांसाठीचं स्टेम सेल प्रत्यारोपण मान्य उपचार आहे. बाकीचं परवानगी घेतलेल्या क्लिनिकल ट्रायलमध्येच (रुग्णांवरच्या चाचणीत), आणि तिथे रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. गुडघ्यासाठी पैसे देऊ नका. मुलाला जरूर शिकू द्या. हा फरक लोकांना समजावणारे डॉक्टर आपल्याला हवेच आहेत.

शिकून मालवणला परत आले तर काही करता येईल? (मालवण)

येईल. महाडला राहून डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपचार दाखवून दिला, जगाने तो मानला. बंदरावर सोलून टाकलेल्या कोळंबीच्या सालांतून कायटोसान नावाचा पदार्थ निघतो. रक्त थांबवणाऱ्या पट्ट्या, जखमेवरची ड्रेसिंग्ज त्यापासून बनतात. मात्र रुग्णासाठी पेशी वाढवायला क्लीन रूम (धूळ-जंतूंपासून जपलेली खोली) लागते, तेवढं मुंबई-पुण्याच्या प्रयोगशाळेबरोबर कर. जखमांच्या नोंदी आणि फोटो एथिक्स कमिटीच्या परवानगीने गावातच गोळा करता येतील.