पडल्यापासून ती मंदावली आहे. थांबवू की रेटू?

प्रश्न आईचा होता. मुलगी 16 वर्षांची, 300 सीसीच्या वर्गात हौशी मोटरसायकल रेसिंग करणारी. वडील घरचेच मेकॅनिक, धाकटा भाऊ 11 वर्षांचा, आणि हंगाम सुरू झाला की चौघांचेही शनिवार-रविवार पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी बाइक तयार करायच्या जागेत. शर्यतींच्या दुसऱ्या फेरीच्या सकाळी, प्रॅक्टिसच्या दुसऱ्याच लॅपला, एका डाव्या वळणावर पुढच्या चाकाची पकड सुटली आणि ती घसरत बाहेर गेली. हाड मोडलं नाही, बाइकही तासाभरात उभी राहिली. पण तेव्हापासून लॅपमागे दोन सेकंद जास्त लागतात. "हे म्हणतात, धीर सुटलाय, जरा रेटायला हवं. मला वाटतं, थोडक्यात निभावलं, आता पुरे. ती स्वतः काहीच बोलत नाही. आम्ही काय करावं?"

अनेक घरांचे तपशील एकत्र करून ही हकिगत मांडली आहे, त्यामुळे कुणा एकाची ओळख पटणार नाही. प्रश्न मात्र अगदी नेहमीचा आहे. "धीर सुटला" हे निदान इतकं हाताशी असतं की त्याच्या आधी तपासायच्या दोन गोष्टी राहून जातात: डोकं आणि बाइक. मनाचा नंबर त्यानंतर.

हेल्मेट जमिनीला लागलं होतं का, असं विचारल्यावर वडील म्हणाले, "किंचित घासलंय, काचसुद्धा फुटली नाही." तेच हेल्मेट ती अजून वापरत होती. हेल्मेटच्या आतला फोमचा थर धक्का पोटात घेऊन दबतो आणि पुन्हा पूर्ववत होत नाही. वरचं कवच चकचकीत असलं तरी दुसऱ्या धक्क्याला तिथे पुरेसा थर उरलेला नसतो. डोकं घालून आपटलेलं हेल्मेट बाद, यावर घासाघीस नको. मग मुलीला एकटीला विचारलं, तेव्हा कळलं की पडल्यानंतरचा आठवडाभर डोकं जड होतं, वाचताना ओळ सुटायची, उजेड नकोसा व्हायचा. घरी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर पुढची फेरी बुडाली असती.

ही मेंदूला हादरा बसल्याची लक्षणं असू शकतात आणि त्याचा निर्णय डॉक्टरच करतात. खेळात मेंदूला बसणाऱ्या हादऱ्यांवरच्या 2022 च्या ॲम्स्टरडॅम परिषदेत ठरलेला क्रम साधारण असा: पहिले 24 ते 48 तास विश्रांती, पण अगदी पडून राहणं नव्हे, स्क्रीन कमी. मग चालणं, मग घाम येईल असा व्यायाम, मग डोक्याला धोका नसलेला खेळाचा सराव. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस. डोक्याला पुन्हा मार लागू शकेल अशा पायऱ्या लक्षणं पूर्ण गेल्यावर आणि डॉक्टरांनी होकार दिल्यावरच. मोटरसायकल याच शेवटच्या भागात येते, "हळू चालवेन" म्हटलं तरीही. घाईची किंमत काय असते ते मोठ्या रायडरकडे पाहून कळतं. जुलै 2020 मध्ये मोटोजीपीचा जगज्जेता मार्क मार्केझ याचं दंडाचं हाड स्पेनमधल्या हेरेझच्या ट्रॅकवर मोडलं. शस्त्रक्रियेनंतर चारच दिवसांनी तो बाइकवर बसला. पुढे हाडाला लावलेली प्लेट तुटली आणि तो अख्खा हंगाम हातचा गेला.

आता बाइक. दोन सेकंद जातात, पण कुठे जातात? वडिलांकडे फक्त पूर्ण लॅपच्या वेळा होत्या. पुढच्या प्रॅक्टिसच्या दिवशी आईला स्टॉपवॉच घेऊन कुंपणाशी उभं राहायला सांगितलं: ब्रेक कुठे लावायचा ते दाखवणाऱ्या बोर्डापाशी सुरू, वळण संपून ट्रॅकच्या कडेचा रंगीत कर्ब सुटला की बंद, आणि दुसऱ्या दोन वळणांवरही तसंच. निकाल स्पष्ट होता. दोनपैकी जवळजवळ दीड सेकंद त्या एकाच डाव्या वळणावर जात होता. इतरत्र ती पूर्वीइतकीच, एका उजव्या वळणावर तर जरा बरी. खरोखर धीर सुटलेला रायडर बहुधा सगळीकडे आखडतो. हिची भीती मात्र एका जागेला चिकटलेली होती, म्हणून त्या जागेत काय आहे ते पाहणं भाग होतं.

ट्रॅक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेचा. ओळीने उजवी वळणं, त्यांत टायरची उजवी बाजू तापते. तेवढ्यात डावी बाजू वाऱ्याने थंड होते, आणि मग एकदम हे डावं वळण येतं. अशा ट्रॅकवर सकाळच्या पहिल्या लॅपमध्ये रायडर डावीकडेच जास्त पडतात, हे पॅडॉकमध्ये कुणीही सांगेल. त्यात भर टायर वॉर्मरची, म्हणजे ट्रॅकवर जाण्याआधी टायर तापवणाऱ्या विजेच्या वेष्टनाची. वॉर्मर 80 अंशांवर ठेवला तरी उष्णता टायरच्या गाभ्यापर्यंत आणि रिमपर्यंत पोचायला तासभर लागतो. इथे एकच जनरेटर दोन बाइकना, त्यामुळे वॉर्मर लागायचे जेमतेम 20 मिनिटं. टायरला हात लावला तर गरम, रिमला लावला तर गार. असं चाक ट्रॅकवर गेलं की वरची ऊब आतल्या थंड भागात मुरते. शिवाय पिट लेनच्या, म्हणजे ट्रॅकवर जायच्या वाटेच्या, तोंडाशी वॉर्मर काढून पाच मिनिटं रांगेत. हवेच्या दाबाचंही तसंच: टायर अर्धवट तापलेला असताना गरम टायरसाठीचा दाबाचा आकडा लावला, की पुढे तापत जाईल तसा दाब त्याच्यावर चढतो आणि जमिनीला टेकणारा पट्टा आक्रसतो.

म्हणजे मुलगी ते वळण हळू घेत होती ते बरोबरच होतं. तिला हे माहीतही होतं. "पहिल्या दोन लॅप पुढचं चाक लाकडासारखं लागतं," ती म्हणाली. मग बाबांना का नाही सांगितलं? "ते रात्री एकपर्यंत माझ्या बाइकवर बसतात. त्यांना काय सांगू?"

घरच्या टीममधली खरी अडचण ही आहे. भाड्याच्या मेकॅनिकला रायडर बिनदिक्कत सांगते की पुढचा टायर बरोबर नाही. बापाला सांगताना तेच वाक्य कृतघ्नपणासारखं वाटतं. मग ती गप्प बसते, वडील त्या गप्पपणाला भीती समजतात आणि हेल्मेट डोक्यावर असतानाच विचारतात, "तिथे थ्रॉटल का सोडलास?"

उपाय बोलण्याच्या आधी कागदाचा केला. सेशन संपल्यावर हेल्मेट काढायचं, पाणी प्यायचं, दहा मिनिटं कुणी काही विचारायचं नाही. मग लॅपच्या वेळा पाहण्याआधी तिने एक पान भरायचं: वळणाचा क्रमांक, ब्रेक, वळणात शिरताना, मध्ये, बाहेर पडताना, या चार ठिकाणी पुढचं चाक आणि मागचं चाक कसं लागलं, त्या वळणावरचा भरवसा 1 ते 5. वेळा आधी दिसल्या तर मुलं वेळेला साजेसं उत्तर लिहितात, म्हणून हा क्रम महत्त्वाचा. वडिलांनी पान वाचून एवढंच विचारायचं, "अजून काही?" आणि एका वेळी एकच बदल: दाब किंवा सस्पेन्शनचा एक क्लिक, दोन्ही कधीच नाही. पहिल्याच पानावर डाव्या वळणाच्या भरवशाला 2 लिहिलेला होता आणि शेजारी बारीक अक्षरात "रिम गार". वडिलांनी ते दोनदा वाचलं आणि उठून जनरेटरची सोय बघायला गेले.

शुक्रवारच्या जागरणालाही हात घातला. रात्री दहानंतर ब्रेक, चाकं आणि चेन यांना हात लावायचा नाही. टॉर्क रेंचने, म्हणजे ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने, आवळलेल्या प्रत्येक बोल्टवर पेंट मार्करची रेघ. सकाळी धाकट्याने यादी वाचायची, वडिलांनी एकेक बोल्ट दाखवायचा: कॅलिपर, ॲक्सल, ऑइल ड्रेन प्लगची लॉकवायर, म्हणजे तो सैल होऊ नये म्हणून बांधलेली तार. त्याला काम मिळालं. तरी महिन्यातला एक शनिवार-रविवार ट्रॅकशिवाय, त्याच्या मर्जीने, हेही ठरलं. काम दिलं म्हणजे मुलाचा वाटा फिटला असं होत नाही.

बाइक सुधारली तरी शरीराला पडणं आठवतं. त्या वळणाआधी ती श्वास रोखायची, हँडल घट्ट धरायची, नजर पडल्याच्या जागेवर. घट्ट धरलेलं हँडल पुढच्या टायरची खबर हातापर्यंत येऊ देत नाही, आणि नजर जिथे बाइक तिथे. म्हणून परतीचा पहिला दिवस शर्यतीचा ठेवला नाही, मोकळ्या प्रॅक्टिसचा ठेवला. आदल्या संध्याकाळी त्या वळणावरून पायी फेरी: ब्रेकची खूण, वळायची खूण, बाहेर पडायची खूण. बाइकवर पहिल्या तीन लॅप ठरवून हळू. बोर्ड दिसला की लांब उच्छ्वास, टाकी गुडघ्यांनी धरायची, कोपरं सैल, नजर बाहेर पडायच्या खुणेवर. भरवसा सलग दोन सेशन 4 झाला की ब्रेकची खूण थोडी पुढे, एका वेळी एक-दोन मीटर. त्या दिवशी स्टॉपवॉच पेटीत. वाईट स्वप्नं, ट्रॅकचं नाव काढताच छातीत धडधड किंवा सगळंच टाळणं महिन्याभरानंतरही चालू असेल, तर मात्र हे घरगुती उपाय पुरे नाहीत, मानसतज्ज्ञाकडे जावं.

आईच्या भीतीची समजूत काढायला गेलो नाही, कारण ती निराधार नव्हती. 2021 मध्ये वरच्या दर्जाच्या शर्यतींत विशीच्या आतले तीन रायडर मरण पावले आणि त्यानंतर जागतिक स्पर्धेसाठी किमान वय 2023 पासून 18 करण्यात आलं. आईला धीर देण्याऐवजी अधिकार दिला: तब्येतीबाबतचा नकार तिचा आणि तो अंतिम. वडिलांनी तो सर्वांदेखत मान्य करायचा, हंगामाची फी भरलेली असली तरी. शर्यत थांबवणारा लाल झेंडा दिसला की ट्रॅककडे धावायचं नाही. आधी ठरलेल्या एका जागी भेटायचं आणि तिथून एकाने मेडिकल रूमकडे जायचं. रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधं आणि डोक्याला याआधी लागलेल्या माराची तारीख लिहिलेलं कार्ड मुलीच्या सूटमध्ये, एक प्रत आईकडे.

"आणि तिला सोडायचंच असेल तर?" हा आईचा शेवटचा प्रश्न. तर ते रविवारी संध्याकाळी, थकल्या अंगाने गाडीत विचारू नका. बुधवार-गुरुवारी, वडील समोर नसताना विचारा, आणि "सोडायचंय का?" असं नको. विचारा, "पुढच्या महिन्यातले सगळे शनिवार-रविवार मोकळे मिळाले तर काय करशील?" या मुलीने सांगितलं की एक फेरी गाळायची आहे, परीक्षा आहे आणि झोप हवी आहे. ती फेरी गाळली. फी परत मिळाली नाही. वडील दोन दिवस घुश्शात होते.